सुताराची हत्यारं किलोनं विकू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

खंडेनवमी होऊन आठवडा झाला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये दरवर्षीसारखीच पूजा झाली. लेथला झेंडूची माळ, ड्रिलिंग मशीनला हळदकुंकू, दारात कोहळा. मी तिथं २७ वर्षं टर्नर आहे. संध्याकाळी अनगोळात घरी आल्यावर मी आणखी एक पूजा मांडली. पाटावर लाल कापड घालून आज्जाची हत्यारं ठेवली : लाकूड तासायचा एक वाकस, दोन पटाश्या म्हणजे सुताराच्या छिन्न्या, एक किकरं, काटकोन बघायचा गुण्या, एक रंधा, सामता आणि हातभर लांबीची एक काठी. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा प्रसादाला आला होता. वाकसाकडं बघून तो म्हणाला, "काका, ही कुदळ एवढी बारकी कशी?" त्याची काही चूक नाही. त्याचे आजोबाही खेड्यातून शहरात आलेले, त्यांच्याही घरी अशी हत्यारं होती. ती आता नाहीत. आमच्या घरचीही बरीचशी गेली. ती कशी गेली हे सांगायला आणि एक विनंती करायला हे पत्र लिहितोय.

आमचं मूळ गाव बेळगुंदी. बेळगावच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला. पाऊस उदंड, पिकं भात आणि रताळी. आज्जा सुतार. सुगीत खळ्यावर जाऊन बलुत्याचं भात आणायचं आणि त्याच्या बदल्यात वर्षभर लोकांची औतं, कुळव, गाड्या दुरुस्त ठेवायच्या, हा त्याचा व्यवहार. आमच्या भागात भाताची धूळवाफ पेरणी करतात, म्हणजे पाऊस लागायच्या आधी कोरड्या रानात कुरीनं, म्हणजे पेरणीच्या पाभरीनं, बी टाकायचं. त्यामुळं वैशाखात आमच्या दारात कुऱ्यांची रांग लागायची.

कुरीतली सगळ्यात नाजूक वस्तू म्हणजे चाडं. लाकडाचा वाडगा, आणि तळाला जेवढे नळे तेवढी भोकं. वरून मुठीनं सोडलेलं बी सगळ्या नळ्यांत सारखं उतरलं पाहिजे. एक भोक जरासं मोठं झालं की एक ओळ दाट येते, बाजूची विरळ, आणि ते कळतं उगवल्यावर, म्हणजे तेव्हा काही करता येत नाही. ही भोकं आज्जा सामत्यानं पाडायचा. सामता म्हणजे उभा लाकडी दांडा, खाली पोलादी टोक, वर करवंटीची टोपी, मध्ये गुंडाळलेली चामड्याची वादी. आज्जा टोपीवर तळहात दाबून बसायचा आणि वादीची दोन्ही टोकं मी ओढायचो, एकदा डावं, एकदा उजवं. पाच-सहा वर्षांचा असेन. घाई केली की म्हणायचा, "हळू रे, लाकूड जळालं बघ." खरंच जळकट वास यायचा भोकातून.

चार भोकं झाली की तो चाड्याखाली चार वाट्या मांडायचा, मूठभर भात सोडायचा आणि प्रत्येक वाटीतले दाणे मला मोजायला लावायचा. एका वाटीत ४१ आणि दुसरीत ३३ आले, तर ३३ वाल्या भोकात कानशीचं टोक हलकंच फिरवायचं आणि पुन्हा मूठ. पुन्हा मोजणी. शाळेत जायच्या आधी मला शंभरापर्यंत आकडे येत होते ते या वाट्यांमुळं. आज मी मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचतो आणि ड्रॉइंगवर दिलेल्या टॉलरन्सच्या बाहेर गेलेला जॉब बाजूला काढतो. हे काम मला कंपनीत शिकवलं असं लोक समजतात. मी ते चाड्यावर शिकलो.

आज्जा १९९८ साली गेला. वडील आधीच फौंड्रीत लागले होते, काकांनी शेती धरली, सुतारकी तिथं थांबली. हत्यारांच्या दोन पेट्या होत्या. मोठी पेटी मागच्या पडवीत, लहान पेटी कणगीशेजारी माळ्यावर. पडवीतल्या पेटीत एक सोडून सगळे लाकडी रंधे होते. दोघांनी समोरासमोर बसून ओढायचा लांब रंधा, झिरी पाडायचा, चौकटीच्या कडेला गोलाई द्यायचा गलता. त्यांची खोडं शिसवीची, तेल पिऊन काळीभोर झालेली.

ऑगस्ट २०१९ चा पाऊस आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. किती मातीच्या भिंती त्या आठवड्यात बसल्या त्याला गणती नाही. आमची पडवीही बसली. मी तेव्हा दोन शिफ्ट करत होतो. रविवारी गावी पोचलो तेव्हा चिखल काढून झाला होता. रंध्यांची खोडं भिजली होती, फुगली होती. घरात वाळकं सरपण नव्हतं. न्हाणीच्या चुलीत ती एकेक करून घातली होती. पाती आणि बाकीचं लोखंड वाकलेल्या पत्र्याबरोबर भंगारवाल्याला दिलं होतं. अकरा किलो भरलं. अडीचशे रुपये आले, ते काकूंनी माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "तुझ्या आज्जाचे आहेत, तूच घे." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. घराची एक भिंत गेलेली बाई सरपण बघणार का रंधा बघणार? दोष माझाच जास्त. एकवीस वर्षं ती पेटी तिथं होती आणि "पुढच्या वेळी नेतो" असं म्हणत मी दर दिवाळीला तिला हात लावून परत येत होतो.

लहान पेटी माळ्यावर होती म्हणून वाचली. ती मी त्याच दिवशी मोटारसायकलला बांधून आणली.

आता जे सांगतो ते ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांनी जरूर वाचावं, कारण मी एक हत्यार वाचवताना जवळजवळ मारलं. रुंद पटाशी गंजलेली होती. मी ती कंपनीत नेली आणि बेंच ग्राइंडरला लावली. आमचे लेथचे टूल हायस्पीड स्टीलचे, ते तापून निळे झाले तरी त्यांना काही होत नाही. ही जुनी पटाशी साध्या कार्बन पोलादाची. चाकाला टेकवली आणि दोन क्षणांत धारेवर निळा पट्टा धावत आला. निळं झालं म्हणजे पाणी उतरलं, पोलादाचा कडकपणा गेला. ती धार पुढं लाकडाला लावली की मुडपते. मला दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पोलाद हळूहळू, दर वेळी पाण्यात बुडवत, घासून टाकावं लागलं. आज्जानं त्या पटाशीचं दीड सूत वापरायला किती वर्षं लावली असती याचा हिशेब मी करत होतो आणि हात चालत नव्हता. तेव्हा पहिली गोष्ट : जुन्या हत्याराला विजेचं ग्राइंडर दाखवू नका. दगडावरच धार लावा, वेळ लागू दे.

गंज काढायला चिंचेचं पाणी पुरतं. कोळ दाट करून त्यात हत्यार रात्रभर ठेवायचं, सकाळी तारेच्या ब्रशनं घासायचं, खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढायचं, कापडानं पुसून उन्हात तापवायचं आणि गरम असतानाच तेलाचं बोट फिरवायचं. लाकडी मुठीला आणि रंध्याच्या खोडाला जवसाचं तेल. मूठ पॉलिश पेपरनं घासून नवी करू नका. पेटीत कापराच्या चार वड्या टाका, आपल्या पावसाळ्यात तेवढ्यानं बराच फरक पडतो.

त्याच पटाशीचा गंज निघाला तेव्हा मानेजवळ छाप दिसला : वॉर्ड अँड पेन, शेफील्ड. इंग्लंडातल्या त्या गावाचं पोलाद बेळगुंदीच्या सुताराकडं कसं आलं? वडील सांगतात, कॅम्पातल्या एका लिलावात आज्जानं ती घेतली होती. तिच्या उतारावर धार लावली की एक रेघ दिसते. वरचा भाग करडा, मळकट, आणि खाली धारेकडं जेमतेम एक सूत जाडीचा आरशासारखा पट्टा. मऊ लोखंडावर कडक पोलादाचा पातळ थर तापवून, ठोकून एकजीव केलेला. पोलाद महाग, म्हणून जिथं धार हवी तिथंच ते घालायचं. आणि लोखंड मऊ असल्यानं पटाशी लाकडी मोगरीचा घाव सोसते, तुटत नाही.

वाकसाचीही धार लावून पाहिली. तिथंही तीच रेघ! तो वाकस शेफील्डचा नाही. आमच्या भागातल्या लोहारानं केलेला आहे, आणि तो लोहार कन्नड बोलणारा होता. आज्जा त्याची नक्कल करून सांगायचा, "इदराग उक्कु ऐति." यात पोलाद आहे. उक्कु म्हणजे कन्नडमध्ये पोलाद. इंग्रजीत दक्षिण हिंदुस्थानच्या जुन्या नामांकित पोलादाला वूट्झ म्हणतात, तो शब्द याच उक्कुवरून गेला असं मानतात. शेफील्डचा कारागीर आणि आमचा लोहार, दोघांनी एकच युक्ती वापरली होती, आणि ती मला एका रविवारी माझ्या व्हरांड्यात, दगडावर पाणी टाकून घासताना दिसली.

वाकसाचा दांडा फार आखूड आहे. माझ्या हाताला तो बसतच नव्हता. उभं राहून चालवला तर कंबर धरते. मग आठवलं, आज्जा उभ्यानं काम कधी करतच नव्हता. जमिनीवर बसायचा, लाकूड डाव्या पायाच्या बोटांत धरायचा आणि वाकस पायाच्या दिशेनं मारायचा. त्याचा पाय हाच त्याचा शिकंजा. मी तसं बसलो आणि दांडा बरोब्बर मापाचा निघाला. गुण्याही मी तपासला. फळीच्या सरळ कडेला लावून रेघ मारायची, तो उलटा करून त्याच ठिकाणी दुसरी रेघ मारायची. काटकोन चुकला असेल तर दोन रेघा फाकतात. दोन्ही रेघा एकावर एक आल्या. हा गुण्या शिसवीचा, हातानं केलेला, आणि निदान पन्नास वर्षं जुना आहे.

आता माझं खरं म्हणणं.

आपण सीमाभागातली माणसं मराठीसाठी जिवाचं रान करतो. १९४६ साली बेळगावात साहित्य संमेलन भरलं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला. आज्जा तेव्हा ऐन विशीत होता आणि व्यासपीठाच्या फळ्या ठोकायच्या कामावर होता, हे तो आम्हाला फार अभिमानानं सांगायचा. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्यावर तर मराठी हा आमच्या रोजच्या जगण्यातला विषय झाला. पाटी कुठल्या भाषेत, उतारा कुठल्या भाषेत, शाळेत मास्तर आहेत का. हे सगळं महत्त्वाचंच आहे, मी स्वतः मोर्च्यात चाललोय. पण सामता, वाकस, किकरं, गलता, चाडं, गाडीच्या चाकाचा तुंबा, पुठ्ठा, धाव हेही मराठीच आहे ना? ते शब्द कुणी बाहेरच्यानं आपल्याकडून हिसकावले नाहीत. ते आपण आपल्याच न्हाणीच्या चुलीत घातले. आपण अजून "मध्येच पाचर मारली" म्हणतो, "सुतासारखा सरळ केला" म्हणतो, पुढारी भाषणात "चाड्यावर मूठ धरा" म्हणतात. पाचर कुठं बसते, सूत कशाचं, चाडं कसलं, हे ऐकणाऱ्या पोराला दाखवायला घरात वस्तू नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलीला घेऊन कोल्हापूरजवळ कणेरी मठावर गेलो होतो. तिथं ग्रामजीवनाचं संग्रहालय आहे, बारा बलुतेदारांचे पुतळे आहेत, खरोखरच सुंदर. लांबलांबून लोक येतात, तिकीट काढून रांगेनं बघतात. सुताराच्या पुतळ्यापुढं मुलगी म्हणाली, "पप्पा, आपल्याकडं असलंच आहे की!" मला इतका आनंद झाला, आणि लगेच पडवीतली पेटी आठवली.

सरकारनं सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. सुतार-लोहारांसह १८ व्यवसाय तिच्यात आहेत, आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. चांगली गोष्ट आहे. तरुण सुताराला विजेचा रंधा हवाच, तो हातानं फळी सोलत बसला तर पोट कसं भरणार? मी मशीनवरचा माणूस आहे, मशीनच्या विरोधात मी बोलणार नाही. पण त्या योजनेत पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण असतं. त्यातला अर्धा दिवस गावातल्या एका म्हाताऱ्या सुताराला बोलवा, त्याची पेटी उघडायला लावा. दगडावर धार कशी लावायची एवढं जरी त्यानं दाखवलं तरी पुष्कळ.

आणि दुसरी विनंती संमेलनवाल्यांना. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी, आमचं बेळगुंदी, हिवाळ्यात गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी निघते, पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथंच एक टेबल मांडा. गावातल्या घरांतून सुताराची, लोहाराची, कुंभाराची, चांभाराची, विणकराची हत्यारं एका दिवसापुरती मागून आणा आणि प्रत्येकापुढं चिठ्ठी ठेवा : नाव काय, काम काय, कुणाच्या घरचं. कन्नड नावही लिहा. आमच्या घरात पटाशीला उळी आणि वाकसाला बाची म्हटलेलं मी कानांनी ऐकलंय, कारण गिऱ्हाईक दोन्ही भाषांचं होतं. गावच्या वाचनालयांनी एक कपाट रिकामं केलं, तर ज्यांना घरात जागा नाही त्यांच्या पेट्या तिथं राहतील. फार खर्चाचं काम नाही. कपाट, तेलाची बाटली, आणि महिन्यातून एकदा पुसायला एक माणूस. आमच्या गावात तो माणूस व्हायला मी तयार आहे.

सुरुवात म्हणून मी एक वही केली आहे. तीन रकाने : मराठी नाव, कन्नड नाव, काम. आठपैकी सात ओळी लगेच भरल्या. अडलो तो काठीपाशी. बाभळीची काठी, एका टोकाला मोठं भोक, पुढं ओळीनं बारीक भोकं, आणि त्यांतल्या कुठल्याही भोकात बसेल अशी खुंटी दोरीनं बांधलेली. वडिलांनाही सांगता येईना. शेवटी बैलहोंगलकडचे एक वयस्कर सुतार भेटले, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी काठी हातात घेतली आणि माझ्या टेबलावरचा चहाचा कप पालथा घातला. "हा तुंबा समज." काठीचं मोठं भोक त्याच्यावर धरलं, खुंटी एका बारीक भोकात रोवली आणि काठी गोल फिरवली. तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडी गड्ड्यात, आरे ठोकताना प्रत्येक आऱ्याचं टोक खुंटीला नुसतं चाटून गेलं पाहिजे. एखादा अडला किंवा लांब राहिला, तर तो काढून पुन्हा बसवायचा. सगळे आरे एका पातळीत आले की मगच पुठ्ठे, म्हणजे घेराचे लाकडी तुकडे, आणि मग लोहाराकडं लोखंडी धाव चढवायला.

मी त्यांना नाव विचारलं. ते म्हणाले, "कोलु." कोलु म्हणजे कन्नडमध्ये काठीच.

कन्नडच्या रकान्यात मी कोलु लिहिलंय. मराठीचा रकाना रिकामा ठेवलाय. बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी, कुठंही, ज्यांच्या घरी गाडीची चाकं बनत होती त्यांनी घरातल्या जाणत्या माणसाला एकदा विचारावं आणि या सदराच्या पत्त्यावर एक ओळ लिहून कळवावं. संपादकांकडं माझा पत्ता आहे.

आपला,
एक टर्नर, अनगोळ, बेळगाव